भ संपला

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये दिवसभर
त्र्यंबक गायधनी बाद नोटा शोधायचे.
शाई फाकलेली, कड सरकलेली, एकेक बाजूला.
मग पाच दहाची बस, शालिमारला उतरून पायी
भांडीबाजारात, एका जिन्याखाली,
जिथे एक ट्रेडल मशीन, एक बल्ब, शेजारी तांब्यावर पडणारे हातोडे
आणि ‘पिंगळा’, मासिक, किंमत सव्वा रुपया,
दर अमावास्येला प्रसिद्ध. बहुधा दोन दिवस उशिरा.

पहिल्याच अंकाला पुंजाजी भवर, कंपोझिटर, म्हणाला,
‘साहेब, भ संपला.’
भूत, भय, भेसूर, भयाण, भोवळ,
खणातले सगळे खिळे चौथ्या पानावरच खपलेले.
नवे पुण्याहून यायचे, आणि उधारीवर कोण देणार?
गायधनींनी लाल पेन्सिल घेतली,
स्वतःच्याच कथेतून भूत काढून टाकलं.
उरली एक बाई. विहिरीवर.
दोर ओढते आहे. अजून ओढते आहे.
जुळवता जुळवता पुंजाजीचा हात थांबला.
म्हणाला, ‘आज जरा लवकर जातो.’

पुढे खिळे आले. नियम तोच राहिला.

मी तेव्हा सातपूरला मोटारी वाइंड करायचे,
रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत लिहायचे,
खाली सही ‘उ. बा. कडलग’, पुरुष वाटावा अशी.
नऊ कथा परत आल्या. सोबत पोस्टकार्ड, एकेक ओळ:
‘कडलग, तुमचा मृतात्मा फार बोलतो.’
‘दार कुणी उघडलं ते सांगू नका. उघडं आहे, एवढं पुरे.’
‘जखीण ठीक. तिची पगारवाढ नाकारली ते जास्त चांगलं. तेवढंच ठेवा.’
दहावी छापली. अकरा रुपयांची मनीऑर्डर,
कूपनवर बारीक अक्षर:
‘बाईसाहेब, झोप लागली नाही. त्र्यं. गा.’

चौसष्ट पानं, आणि लिहिणारे आम्ही तिघं.
बाकीचं ते पाच नावांनी लिहायचे.
त्यातला कॅप्टन सारंगधर सगळ्यांचा लाडका,
दगडी पंखांचे घोडे घेऊन बुडालेली बेटं शोधणारा.
येवल्याहून एकजण त्याला भेटायला आला, पेढे घेऊन.
गायधनींनी चहा पाजला, म्हणाले, ‘ते बोटीवर असतात.’
पेढे ठेवून घेतले.
गायधनींना भेटायला कुणी आल्याचं मला आठवत नाही.

आणि शेवटचं अर्धं पान, प्रत्येक अंकात, कोरं.
जाहिरातवाले मागायचे, चिवडेवाले, चष्मेवाले.
‘ती जागा दिलेली आहे,’ म्हणायचे.
कुणाला, ते पुंजाजीलाही माहीत नव्हतं.

मग तो पूर.
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी,
म्हणजे आमच्या जिन्याखाली पुरुषभर.
एकवीस वर्षांचे गठ्ठे आम्ही गच्चीवर वाळत घातले.
पानं पानांवर उमटली होती.
विहिरीवरची बाई बोटीच्या डेकवर चढली होती,
माझ्या जखिणीच्या हातात कुणाचा तरी लगाम.
ते उन्हात उकिडवे बसून वाचत राहिले,
आणि हसले, मी पहिल्यांदाच पाहिलं:
‘आता जमलं. आता संपादक कुठे दिसत नाही.’
पुढचा अंक निघाला नाही.

ते गेले त्याला सात वर्षं झाली.
माझ्याकडे त्या गच्चीवरचा एकच अंक आहे,
पानं पापडासारखी, वास नदीचा.
काल शेवटचं अर्धं पान उघडलं.
कोरं नाही.
फिकट लाल, उलटी अक्षरं. खिळ्यांची नव्हेत, हाताची.
शेजारचं पान तर जाहिरातीचं आहे,
तिथून उमटावं असं त्यात काही नाही.
सुरुवात ‘क’ने होते असं वाटतं. पुढे बहुधा ‘ड’.

आरसा पलीकडच्या खोलीत आहे.
दार उघडं आहे.
एवढं पुरे.