दोनशे दोनचा व्हॉल्व्ह

दोनशे दोनचं भाडं पाच तारखेला येतं,
म्हणजे यायचं.
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर,
आणि आज जानेवारीची सत्तावीस.
डिपॉझिट तर मी मनातल्या मनात
कधीच खाऊन टाकलंय.

मी जिना चढायला लागले
की खैरमोडेंचा टीव्ही गप्प होतो.
दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली,
हलत नाही.
मीही हलत नाही.
मध्ये सनमायका.

मग कडी निघते.
"काकू, पुढच्या महिन्यात नक्की."
रबाळ्याची शाईची कंपनी गुजरातला गेली,
मशिनी ट्रकवर चढल्या, माणसं गेटवर राहिली,
हे मला पाठ आहे.
लिफ्टचा हप्ता, मालमत्ता कर, गच्चीचं डांबर,
हे त्याला पाठ असणार.

मुलगा म्हणतो, आई, कोर्ट नको, चौकी नको.
वर जा. व्हॉल्व्ह बंद कर.
तीन दिवसांत सामान बांधतील.

गेले वर.
समोर ती काचेची इमारत,
आत माणूस नाही,
थंड हवेत नुसते कॉम्प्युटर राहतात.
ते भाडं वेळेवर भरत असतील.
त्याच जागी आमची खारी जमीन होती,
वर्षाला एकच भात, तांबडा, जाड.
ती गेली, आणि तिच्या बदल्यातल्या प्लॉटसाठी
सासरे एकवीस वर्षं बेलापूरला खेटे घालत राहिले,
डब्यात सुकट-भाकरी, पिशवीत सातबारा.
टेबलापलीकडचा साहेब वर न बघता सांगायचा,
"पुढच्या महिन्यात नक्की."
तेच वाक्य सासरे घरी आणायचे
आणि वाण्याला द्यायचे.
वाणी वहीत मांडायचा. तेल, गूळ, तेल.

लाल चाक. वर खडूने २०२.
गंजलं होतं. पदर गुंडाळून फिरवलं,
दातओठ खाऊन.

खाली आले, भांड्यांवर नळ सोडला
तर पाणी नाही,
म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी नुसती हवा.
दोन घरं एकाच पाइपावर घातलेली.
प्लंबरला मीच म्हणाले होते,
जेवढं वाचवता येईल तेवढं वाचव रे.

दारावर थाप.
खैरमोडे. हातात पाना.
"काकू, तुमचंही गेलं का? थांबा, बघतो."
चपला वर गेल्या, गच्चीवर दोनचार पावलं,
मग काहीच नाही.
बराच वेळ काहीच नाही.
मी राखेने भरलेले हात तसेच धरून
छताकडे बघत उभी.

नळ एकदम उसळला.
ताटं वाजली.

तो उतरला, दारातच थांबला,
पान्यावरचा तांबडा गंज पँटला पुसत.
"लाइनीत हवा भरली होती," म्हणाला.
माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हणाले, हो. हवा.
थंडीत भरते कधीकधी.

पाच तारखेला अजून नऊ दिवस आहेत.