चौघांतला एक

गोळी साबुदाण्याएवढी.
तपकिरी काचेच्या कुपीत, उजेडाला बुजणारी.
अ-पा ती जिभेखाली ठेवतात
आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.
शेजारच्या काओ काकांना दोन मिनिटं लागतात.
अ-पांना सात.

सू-आओच्या बंदरात सगळ्यांना ठाऊक होतं,
इंजिनवाला तेक एका पेल्यात लाल होतो.
बांगड्याचा हंगाम सरला की मालकाची मेजवानी,
काओल्यांगची बाटली,
आणि पहिल्याच घोटाला कानाच्या पाळीपासून गळ्यापर्यंत
देवळातल्या क्वान-कोंगसारखे अ-पा.
लोक हसायचे.
अ-पाही हसायचे, एक हात छातीवर ठेवून.
ज्याला पिता येत नाही
त्याला कुणी तांडेल करत नाही.

मी यीलानच्या इस्पितळात रक्त तपासते, तळमजल्यावर.
एका रात्रपाळीला त्यांचंही तपासलं.
विचारलं नाही.
पाचशे मण्यांची माळ, त्यातला एक मणी दुसराच:
ग्लुटामेटच्या जागी लायसिन.
वजाच्या घरात अधिक येऊन बसलेला.
बस्स, एवढंच.

सकाळी खारी पेज वाढता वाढता सांगितलं:
विकर म्हणतात त्याला, अ-पा.
पेशीतल्या चुलीपाशी राहतं,
चार भावंडं एकमेकांना घट्ट धरून.
पोटात गेलेल्या दारूचं जे विष होतं
ते निस्तरायचं त्याच्याकडे.
आणि कुणी नेमलं कोण जाणे, ही गोळीसुद्धा
त्याच्याच दारात येते,
पदराला नायट्रेटच्या तीन गाठी मारून.
ते गंधकाचं बोट घालतं, एक गाठ सोडवतं.
त्यातून सुटतो नायट्रिक ऑक्साइड.
आयुष्य काही क्षणांचं.
तेवढ्यात नसेच्या स्नायूला सांगून जातो,
सैल सोड.
मग नस रुंदावते, रक्त वाट काढतं.

"आणि माझं?"

तुमच्या चौघांत बहुतेक वेळा एखादा लंगडा असतो.
त्याच्यापायी धडधाकटांचीही पावलं अडतात.

ते बराच वेळ पेजेकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
"कड्यातून रस्ता काढत होते तेव्हा
मी सुरुंगाच्या पेट्या वाहिल्या, दोन हिवाळे.
ती पिवळट कांडी हाताळून
बाकीच्यांची डोकी ठणकायची, उलट्या व्हायच्या.
मी मात्र दोन वाट्या भात जास्त खायचो.
मुकादम म्हणाला, हा नशीबवान."

तेच रसायन, अ-पा. तीच कांडी, हीच गोळी.

"म्हणजे प्यायची दारू आणि सुरुंगाची दारू,
दोन्ही एकाच बिचाऱ्याच्या गळ्यात?"
आणि इतके हसले
की मी कुपी शोधायला उठले.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
गाठ सोडवताना ते बोटच भाजतं.
पुन्हा पुन्हा सोडवायला लावलं
तर धडधाकटांचं विकरही हात टेकतं,
त्याला रात्रभर सुट्टी द्यावी लागते.
अ-पांनी आयुष्यात सुट्टी घेतली ती वादळं आली तेव्हाच.

डॉक्टर छ्यू यांनी दुसरी औषधं वाढवली,
कुपी तशीच ठेवली.
म्हणाले, पाच मिनिटांत उतार पडला नाही
तर वाट बघू नका, रुग्णवाहिका बोलवा.
दोनदा बोलावली.
दुसऱ्यांदा स्ट्रेचरवरून अ-पांनी त्या पोराला बजावलं,
"घाई नको. आमच्यातला एक जरा सावकाश चालतो."

काल इस्पितळाची वर्षअखेरची पंगत होती.
माझ्यापुढचा पेला मी उपडा ठेवला.
माझं रक्त मी अजून तपासलेलं नाही.
शेजारची म्हणाली, स्योक-हून, घोटभर तरी,
आणि नुसत्या वासानंच
माझे कान गरम झाल्यासारखे वाटले.