अर्थ लागतो का बघ

मे महिना, दुपारचे दोन.
अक्कलकोट रोडवर शटर अर्धं ओढून
मी एका वॅगनआरच्या डिकीत डोकं घालून बसलोय.
पत्रा इतका तापलाय
की कोपर टेकलं तर आईच आठवते.

गाडी तिसऱ्या मालकाची.
मालक राजलिंगम येमूल, सत्तरीला टेकलेले,
चाळीस वर्षं पॉवरलूमवर, त्यातली बारा जॉबर म्हणून.
दोन्ही कान मागांना देऊन घरी आलेले.

"बहिऱ्याला अँप्लिफायर कशाला?"
त्यांचा जावई माझ्या कानाशी येऊन म्हणाला,
अगदी हळू.
हळू बोलायची काय गरज होती, कोण जाणे.

मी आधी गाडीखाली आडवा होतो.
मागच्या सीटखाली टाकी असते,
स्क्रू किती लांबीचा घ्यायचा ते तीच ठरवते.
मग फळी. अर्ध्या इंचाचं प्लाय.
त्यावर लावायला माझ्याकडे काळं कार्पेट होतं,
पण येमूलांनी पिशवीतून चादरीचा तुकडा काढला,
मोर असलेला, आणि मोराला चोच नव्हती.
"धागा तुटला होता. मीच बघितलं नाही."
एवढंच. कधी, कुठल्या मागावर, ते नाही सांगितलं.

चोच नसलेला मोर फळीवर ताणून बसवला,
कडा खालून स्टेपल केल्या.
चार कोपऱ्यांना रबरी बुश,
म्हणजे अँप चादरीवर झोपणार नाही,
खालून बोटभर हवा खेळेल.
त्रेचाळीस डिग्रीत कुणालाही पाठीखाली हवा लागते.

दस्तगीर उस्ताद सांगायचे:
फ्यूज बॅटरीपासून वीतभर.
त्याहून लांब गेला की तो फ्यूज नाही, ताईत.
आणि काळी वायर मिळेल त्या बोल्टला बांधून
हात झटकू नको.
रंग खरवड. रंगाखालचा प्रायमर खरवड.
पत्रा उघडा पडून चमकेपर्यंत खरवड.
रंगावर अर्थ लागत नाही, बेटा.

शाळेत संदर्भासहित स्पष्टीकरण
मला एकदाही जमलं नाही.
अर्थ लागायला लागला तो इथं,
दहा नंबरच्या बोल्टखाली.

लाल वायर डाव्या बाजूनं,
आवाजाची वायर उजव्या.
एकत्र नेल्या तर इंजिनाची शिट्टी गाण्यात शिरते,
रेस द्याल तशी चढत जाते.
पण ह्या गाडीत उजवीकडची पट्टी गंजून बसलेली,
वायर मधूनच आडवी न्यावी लागणार,
आणि मी पेचकस हातात घेऊन थांबलो.

येमूल वाकून बघत होते.
एक बोट उभं धरलं, दुसरं त्याच्यावर आडवं.
"ताणा," म्हणाले. "बाणा."
मग दोन्ही बोटं शेजारी शेजारी धरून
नकारार्थी मान हलवली.

बरोबर होतं.
भेटायचंच असेल तर काटकोनात,
शेजारून चालत जायचं नाही.
उस्तादांनी हे तीन महिन्यांनी सांगितलं होतं मला,
तेही शिव्या घालून.

पाचला चालू केलं.
शिट्टी नाही. निळा दिवा.
मी जुनं तेलुगू गाणं लावलं, त्यांना आवडेल म्हणून,
त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही.
"अंतेना?" जावई म्हणाला, एवढंच का?
मग मी गाणं सोडलं आणि बास उघडला.
नंबरप्लेट थरथरली,
शेजारच्या पंक्चरवाल्यानं वर बघितलं.

येमूल मागच्या सीटवर बसले, चप्पल काढून.
तळवे गाडीच्या फरशीला लावले.
बराच वेळ.
मी वाट बघत होतो की आता डोळे भरतील वगैरे.
ते म्हणाले, "एक खटका उशिरा पडतोय."

मी गेन कमी केला, फिल्टर फिरवला, पुन्हा फिरवला.
"आता?"
"अजून."
जावई दोनदा चहा पिऊन आला.
सातला ते म्हणाले, "हां,"
आणि खिशातून निम्मे पैसे काढले.
उरलेले शनिवारी.
शनिवार सवयीनं म्हणाले असतील,
पगार बंद होऊन दहा वर्षं झाली.

गाडी वळून गेली तेव्हा
रस्ता आधी पायांना कळला, मग कानांना.

रात्री भाकरी मोडताना बघितलं,
नखात त्या गाडीचा पांढरा रंग अडकलेला.
साबणानं गेला नाही.
राहू दे.