चौथी किंचाळी

ओजसनं तिकीट काढलं, माझंही, शेजारच्या डिमेलोचंही.
"आजी, तुमच्या काळातल्यासारखा पिक्चर आहे."
अंधेरीचं थिएटर, पाय पसरायची सोय,
तीनशे ऐंशी रुपयांच्या लाह्या.

'सतरावी डायन'.
पडद्यावर मुद्दाम पाडलेल्या रेघा,
मुद्दाम विटवलेला रंग,
वरून डोकावणारा माईक, तोही मुद्दाम.
मग फिल्म जळते, पाटी येते :
एक रीळ गहाळ आहे, क्षमस्व.
पोरं हसून हसून लोळली.

डिमेलो हसला नाही.
ग्रँट रोडला एकवीस वर्षं प्रोजेक्टर चालवलाय त्यानं.
"रेघ अशी नाचत नाही," मध्यंतरात म्हणाला,
"गेटमध्ये कचरा अडकला की एकाच जागी उभी राहते,
रीळ संपेपर्यंत.
आणि रीळ गहाळ कुठलं होतंय?
रीळ सायकलवर असतं. सायकल पंक्चर असते."

खेळ सुटल्यावर जिन्यातच जुंपली.
"प्रेमपत्र आहे रे हे, त्या सगळ्या फडतूस सिनेमांना!"
"प्रेमपत्र?" हुतोक्षी म्हणाली. "तिचा पदर मोजून सात वेळा भिजवला."
"अगं, ती टीका आहे."
"टीका कोरड्या पदरावर होत नाही का?
तेव्हाचे निदान तोंड लपवून बघायला यायचे.
तुम्ही चष्मा पुसून बघता."
कुणी म्हणालं, पैसे वसूल.
कुणाला रक्त कमी वाटलं, कुणाला केचप जास्त.
आणि जो मध्यंतरानंतर घोरत होता
त्याचं मत सगळ्यांत ठाम :
जुने खरोखर वाईट होते, म्हणून चांगले.
हा चांगला बनवलाय, तिथंच फसला.

मी बोलले नाही.
तळघराचं दार उघडतं,
आत काय आहे ते दिसायच्या आधी
जी किंचाळी येते,
ती माझी आहे.

खारचा डबिंग स्टुडिओ, मे महिना,
आवाज येतो म्हणून पंखा बंद.
साठ रुपयांना एक, अशा पाच ठरल्या होत्या.
पहिलीला रेकॉर्डिस्ट म्हणाला, "बाई, झुरळ नाहीये, डायन आहे."
दुसरी गाण्यात गेली.
तिसरीला मला खोकला आला.
पाणी प्यायले, माईकसमोर उभी राहिले,
आणि आठवेना
स्टोव्ह विझवला का.
भांडुपची खोली. बाहेरून कडी.
आत ओजसचा बाप, तीन वर्षांचा, झोपलेला.

चौथी ओके झाली.
काचेपलीकडे कुणीतरी टाळी वाजवली.
पाचवी द्यायला मी थांबलेच नाही,
मिळालेल्या पैशांतले बावीस टॅक्सीला गेले.
स्टोव्ह विझलेला होता.
पोरगं जागं होऊन डब्यातले पोहे खात बसलं होतं, कोरडेच.

पुढं ती किंचाळी कुणी कुणाला विकली, देव जाणे.
अकरा सिनेमांत तरी मी ओळखली,
एकदा तर पुरुषाच्या तोंडी.
आता ही बारावी.

जिन्यात कुणीतरी म्हणालं,
"ती तळघरातली किंचाळी काय भन्नाट खोटी होती ना!"
"मुद्दाम तशी ठेवलीय," ओजसनं समजावलं.
हुतोक्षी म्हणाली, मला नाही वाटत.
एवढ्यावरून दोन मजले वाद चालला.

डिमेलो कठड्याला धरून उतरत होता.
"ही जुनी आहे," मला हळूच म्हणाला.
"रोज चार खेळ ऐकलीय. ही आली की
रीळ बदलायला अकरा मिनिटं उरायची,
तेव्हा मी डबा उघडायचो.
अजून भूक लागते बघा.
बिचारी बाई. असेल की गेली असेल?"
"असेल," मी म्हटलं.

"आजी, तुला कसा वाटला?"
लाह्या महाग आहेत, म्हटलं.

घरी आल्यावर चपला न काढताच
गॅसचं बटण बघितलं.
बंद होतं.
हात धुतले, पाणी प्यायले,
परत जाऊन बघितलं.