मॅचिंग सेंटर

दादरला आमच्या दुकानात पांढऱ्याला नऊ नावं आहेत:
मोतिया, दुधी, साय, खडू, हस्तिदंती,
शिवाय चिकू-पांढरा, हे नाव गाला शेठनी ठेवलेलं.
माझ्या हातांवरच्या पांढऱ्याला
घरात एकही नव्हतं.

आईने माझे सगळे कोड पुरवले,
दुसऱ्या अर्थाने तो शब्द
तिच्या ओठांवर कधी आला नाही.
मावशी म्हणाली, माशांवर दूध प्यायली असेल.
मी दूध पीतच नव्हते.

मंगळवारी नि शुक्रवारी परळला.
उभ्या कपाटासारखी पेटी, आत निळसर नळ्या,
डोळ्यांवर काळा चष्मा.
पहिल्या दिवशी वीस सेकंद,
आता दोन मिनिटं दहा.
बोधनकर बाई सांगतात,
तुमच्याच शिपायांनी तुमच्याच रंगाऱ्यांना
परकं समजून हाकललंय.
काही रंगारी केसांच्या मुळाशी दडून बसतात,
त्यांना उजेडाने हाक मारायची.
शिपायांना गप्प बसवणारं नवं मलमही निघालंय.
किंमत ऐकली, आणि
चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली.
अजून तिथेच आहे.

सत्ताविसाव्या खेपेला कोपराखाली
नाचणीएवढे तपकिरी ठिपके.
बाईंनी भिंगातून पाहिले, मलाही दाखवले.
मी मोजले. सात.
बोटांचं मात्र सांगता येत नाही, त्या म्हणाल्या,
टोकांना केस नसतात ना.
खोटा धीर देत नाहीत, म्हणून त्या मला आवडतात.

आणि बोटंच तर काउंटरवर असतात.
गिऱ्हाईक आधी कापड बघतं, मग बोटं,
मग सुटे पैसे काचेवर ठेवतं, हातात नाही.
दुकानातली ट्यूबलाइट लबाड,
खरा रंग कळतो तो फुटपाथवर.
कुणी "बाहेर दाखवा" म्हटलं
की मी महादूला पाठवायचे.

परवा एक बाई आल्या, जांभळ्या काठाची साडी घेऊन.
सोबत मुलगी, नववी-दहावीतली,
पापणीपाशी तांदळाएवढी पांढरी जागा,
केस मुद्दाम पुढे ओढलेले.
ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.
काही विचारलं नाही तिने.
मीही काही सांगितलं नाही.
चार-पाच तुकडे खांद्यावर टाकले,
बाह्या वर सारल्या, म्हटलं, चल गं,
उन्हात बघू.