खिंडीच्या अलीकडे

आमच्या भाषेत वडिलांना मामा म्हणतात.
आणि तो येतोही तसाच,
अकरा महिन्यांनी, आठवडाभरासाठी,
खाऊ घेऊन.

या खेपेला पोझनानहून आणली चॉकलेटं,
मला एक नंबर लहान झालेले बूट,
आणि बोटाएवढ्या काळपट सॉसेजची सहा पाकिटं.
गेगा त्यातलं एक उशाखाली घेऊन झोपला.

काकाची डेलिका उसनी घेतली.
टपावर तंबू, चटया, आणि एक कलिंगड
दोरीनं असं आवळलेलं की आई म्हणाली,
"पळून जाणार आहे का ते?"
अल्वानीपर्यंत डांबर. मग नदी. मग नुसता डोंगर
आणि डोंगरावर नखानं काढलेला ओरखडा.
इकडे त्याला रस्ता म्हणतात.

मी मागे. कानात इअरफोन, गाणं बंद.
आरशातून तो विचारत होता,
शाळा कशी चाललीय, ती तुझी मैत्रीण काय म्हणते.
तिचं नाव चुकीचं घेतलं.
मी दुरुस्त केलं नाही.

कितव्या तरी वळणावर समोरून ट्रक आला.
मागे आम्हालाच यावं लागलं.
खिडकीतून पाहिलं तर कड नव्हतीच,
थेट एका गरुडाची पाठ दिसत होती,
वरून.
गेगानं पाय सीटवर घेतले.
चाळीस टनांचं धूड युरोपभर ओढणारा माणूस
ओठ मिटून, इंच इंच मागे येत होता
आणि त्याच्या मानेवरून घामाची एक ओळ
सावकाश कॉलरमध्ये उतरत होती.
ह्यालाही भीती वाटते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे थोडी ऐसपैस जागा लागली.
तिथे दगडात कोरलेला एक चेहरा, मिशीसकट,
शेजारी बाक, अर्धी बाटली, पालथे घातलेले पेले.
गाडीसकट गेलेला कुणी ड्रायव्हर.
जन्मसाल मामाचंच.

आई तेवढ्यात म्हणाली,
"बाद्री, ती पाकिटं गाडीत नाहीत ना?"
"आहेत. का?"
"खिंडीपलीकडे डुक्कर चालत नाही.
तिकडचे देव कडक आहेत."
"हे आत्ता सांगतेस?"
"आत्ता आठवलं."

टाकायला तो तयार होईना, न्यायला ती.
मग आम्ही खाल्लं.
वाऱ्यात, दरीकडे पाय सोडून, पावाशिवाय,
सहाच्या सहा पाकिटं.
आई आधी रागानं खात होती, मग हसायला लागली,
इतकी की तिला ठसका लागला.
गेगानं दोन सॉसेज मिशीसारखी नाकाखाली धरली,
दगडातल्या माणसाकडे पाहिलं,
आणि घाबरून खाली घेतली.
मामानं एक पेला सुलटा केला.
थोडी दगडावर ओतली,
स्वतः नुसते ओठ ओले केले.
अजून वळणं उरली होती.

ओमालोला पोचलो तेव्हा
बुरुजांमागे उजेड संपत आला होता.
तंबू चौघांचा, असं पिशवीवर लिहिलेलं.
गुडघे, कोपरं, गेगाचं घोरणं,
आणि सगळ्यांच्या तोंडाला पोलंडचा वास.

पहाटे जागी झाले तर त्याची जागा रिकामी,
झोपायच्या पिशवीची चेनही उघडलेली नाही.
आई अंधारातच म्हणाली,
"आडवं झालं की झोप येत नाही म्हणतो.
सवय मोडलीय."

नवे बूट टाचा चेपून घातले.
दवात ते लगेच भिजले.
धनगराचं कुत्रं उठलं, माझ्याकडे बघून
पुन्हा बसलं.
गाडीच्या काचा आतून पांढऱ्या.
तो स्टीअरिंगपाशी, ताठ बसून झोपलेला,
मांडीवर माझी जुनी शाल.

मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, हळूच.
डोळे न उघडता त्यानं
शेजारच्या सीटवरचा थर्मास उचलून मागे ठेवला,
मग हातमोजे.
"पट्टा लाव," म्हणाला.

मी लावला.