साडेपाच तास वजा

विमानांच्या घड्याळात जगभर एकच वेळ चालते.
आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करायचे, झालं.
मी पहाटे साडेचारला उठते
तेव्हा त्या घड्याळात कालचे रात्रीचे अकरा असतात.
म्हणजे आजचा दिवस अजून लागलाच नाही.
न लागलेल्या दिवसातलं काम मला कोण सांगणार?
सासूबाईंचा काढा, टिकलीचा डबा,
मोरेश्वरच्या दुकानाची काजं-बटणं,
सगळं आजमधलं.
मी कालमध्ये बसून
पिठाच्या डब्यावर नकाशा उलगडते.

साडेपाचला तिकडे बारा वाजतात, तारीख पलटते.
आणि इकडे वडनेरला
नळ येतो.

नऊ ते सात जिनिंगवर, धरमकाट्याच्या खोलीत.
कापसाची गाडी चढते: भरलं वजन.
गाठोडी उतरवून तीच गाडी परत चढते: रिकामं वजन.
मधला फरक म्हणजे कापूस.
"पोट्टे हो, काट्यावरून खाली उतरा बाप्पा,
तुमचे पैसे नाही लागत!"
एक गाडी गेली, दुसरी यायची,
तेवढ्यात पावतीबुकाच्या मागे एक गणित.
वजन आणि तोल, या धड्यात
माझा एकही मार्क गेला नाही.

एक ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला,
"काय वाचून राहिल्या मॅडम, तलाठ्याची परीक्षा?"
हाव, म्हटलं.
तलाठी सगळ्यांना समजतो.

धुकं कधी पडतं यावर पुस्तकात चार पानं आहेत.
मी ती घोकत होते, कणीक मळता मळता.
सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या,
"रात्री आभाळ साफ, वारा मेलेला, खाली ओल,
का धुवारी आलीच समज. तुरीचा फुलोरा गेला."
पेपरात तोच प्रश्न आला.
चार पानं आठवली नाहीत,
शेवंताबाई आठवल्या.

नेव्हिगेशनला छासष्ट पडले. सत्तर लागतात.
साठ मैल जाऊन एक मैल बाजूला निघालात
तर वाट एका अंशाने चुकली, असा नियम आहे.
नागपूर ते वडनेर एसटीत मी तो उलटा लावत बसले:
नेमकी कुठून चुकले?
टिकलीला गोवर आला त्या आठवड्यात?
की दिवाळीआधी, रात्री दोनपर्यंत ब्लाउज हुक लावले तेव्हा?
स्टँडवर मोरेश्वर गाडी घेऊन उभा.
काही विचारलं नाही.
"मागच्या चाकात हवा भरावी लागते," म्हणाला,
आणि आम्ही पंपावर गेलो.

त्याने एकदाच हिशेब केला होता.
उडायचे तास विकत घ्यावे लागतात,
एक तास म्हणजे दुकानाचा दीड महिना.
असे दोनशे.
कापडाच्या बिलामागे गुणाकार केला,
घडी करून खिशात ठेवला.
पुन्हा विषय काढला नाही.
फक्त पिठाच्या डब्यावरचा दिवा बदलला,
आधी नऊचा होता, आता अठराचा आहे.
कधी मला त्या दिव्याचाच राग येतो.
निकालालाही मुदत असते, त्याला माहीत आहे.
मलाही.

टिकली माझी गोल गणकपट्टी फिरवते,
तिला ती आईचं चाक म्हणते.
"आई, तू उडशील कुठून?
आपल्या इथं तर एसटीच धड थांबत नाही."
मी म्हटलं, झोप.
ती झोपली नाही. चाक फिरवत
कुठल्या तरी गावाला निघून गेली.

आज पाच अठ्ठावीस.
वारा पश्चिमेकडून, वीस नॉट,
त्रिकोणाच्या दोन बाजू काढून झाल्या.
तिसरी म्हणजे मी खरी कुठे जाऊन राहिले ती.
पट्टी ठेवली आहे, पेन्सिलीला टोक नाही,
विळीवर करते.
अजून दोन मिनिटं कालचीच आहेत.

मोरीत नळ उघडाच आहे.
पाण्याआधी त्यात
हवा वाजून राहिली.